कस्टम बाइक लांब पल्ल्याला चालेल का? नागपुरातून निघण्याआधी करायची तपासणी

देवलापारच्या अलीकडे, नागपूरहून साठेक किलोमीटरवर माझी बुलेट बंद पडली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. गाडी नुकतीच बांधून घेतलेली. टाकीवर लेथवर घडवलेलं पितळी झाकण होतं, सिग्नलला लोक वाकून बघायचे. किक मारली, चालू झाली, अर्धा किलोमीटर गेली आणि पुन्हा बंद. प्लग काढून साफ केला. कार्ब्युरेटरचा बाउल सोडला तर आत पेट्रोलच नाही, आणि टाकी तर अर्ध्याहून जास्त भरलेली. पेट्रोल नेमकं किती आहे ते बघायला झाकण फिरवलं, तर ‘फुस्स’ असा आवाज आला. टाकीत हवा शिरायला त्या झाकणाला भोकच नव्हतं. पेट्रोल खाली उतरेल तशी वर पोकळी तयार होत गेली आणि शेवटी पेट्रोल उतरायचंच थांबलं. झाकण सैल ठेवून, सांभाळत परत आलो. दुसऱ्या दिवशी लेथवाल्याकडून दीड मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं.

त्याआधी तीन महिने मी तीच गाडी धरमपेठ ते सीताबर्डी रोज चालवत होतो. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत हा दोष कधीच दिसला नाही, दिसणारही नव्हता.

कंपनीची गाडी विक्रीला येण्याआधी उन्हात, थंडीत, घाटात, वजन लादून भरपूर चालवलेली असते. बांधून घेतलेल्या गाडीसाठी हे काम कुणीच केलेलं नसतं. कारागीर ती गल्लीत दोन चकरा मारून बघतो आणि किल्ली हातात देतो. पुढची परीक्षा आपणच घ्यायची. मला एवढ्या वर्षांत कळलेलं असं, की लांब पल्ल्याची गाडी पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही, तिसऱ्या तासाला कळते. त्या तिसऱ्या तासापर्यंत टप्प्याटप्प्याने कसं जायचं, ते इथे लिहितो. उदाहरणं बुलेटची जास्त येतील, कारण माझ्या हाताखालून त्याच जास्त गेल्या. पण तपासणीची रीत कोणत्याही गाडीला लागू पडते.

आधी प्रवास ठरवा, मग गाडी बघा

‘लांब पल्ला’ म्हणजे किती, हे स्वतःशी पक्कं करा. नागपूरहून निघणाऱ्याला समृद्धी महामार्ग मोजता येत नाही, कारण तिथे दुचाकीला बंदी आहे. आपल्या वाट्याला येतात ते जुने रस्ते: सिवनी-जबलपूर किंवा हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, अमरावती आणि रायपूरकडचा ५३, सावनेरवरून छिंदवाडा-पचमढी, परतवाड्यावरून चिखलदरा. म्हणजे चौपदरी रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने पळणंही आलं आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढणंही आलं.

माझा हिशोब साधा आहे. ताशी ८० किलोमीटरचा वेग, दिवसाला ३०० किलोमीटर, मागे १५ किलो सामान. गाडी एवढ्यात पास झाली तर ती माझ्या कामाची. तुम्ही जोडीने जाणार असाल तर गणित वेगळं. एकच गादी असलेल्या बॉबरवर ते सुटणारच नाही.

कागद

यात जास्त वेळ घालवत नाही, पण वगळतही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. नियमबाह्य बदल केला तर कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. गादी, हँडल, आरसे, सामानाचं स्टँड यांवर सहसा कुणी अडवत नाही. कापलेली फ्रेम, बदललेलं इंजिन आणि फाटक्या आवाजाचा सायलेन्सर ही मात्र सरळ अडचण.

जुनी बांधलेली गाडी विकत घेत असाल तर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः घासून, पुसून, मोबाइलच्या उजेडात वाचा आणि नोंदणीपत्राशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. इंजिन बदललेलं असेल तर आरटीओत त्याची नोंद हवीच. विमा कंपनीलाही बदल कळवलेले असावेत, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो. आपल्याकडून खवासा ओलांडलं की दुसरं राज्य लागतं. तिथे ओळखपाळख कामाला येत नाही.

फ्रेम: खडू आणि रॉकेल

गाडी धुऊन, कोरडी करून दिवसाउजेडी उभी करा. सगळ्यात आधी हँडलचा नेक, म्हणजे फोर्क जिथे फ्रेमला मिळतो तो सांधा. मग इंजिनचे माउंट, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश आणि गादीखालचा मागचा लूप. कस्टम गाडीत वेल्डिंग याच जागी झालेलं असतं आणि तडाही याच जागी जातो. चांगल्या वेल्डिंगच्या लहरी एकसारख्या, जवळजवळ बसलेल्या दिसतात. कुठे गोळा, कुठे खड्डा, कुठे ग्राइंडर फिरवून वर पुट्टी भरलेली दिसली तर सावध व्हा. सांध्यावर पुट्टी का लागली, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

संशय आला तर जुन्या मिस्त्रींची एक युक्ती आहे. सांध्यावरचा रंग थोडा खरवडा, तिथे रॉकेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या आणि कापडाने अगदी कोरडं पुसा. मग पांढरा खडू चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. मी एकदा सेकंडहँड स्क्रॅम्बलरच्या नेकखाली अशी दोन सेंटीमीटरची रेघ पाहिली. गाडी दिसायला देखणी होती, मालकाला खरंच काही माहीत नव्हतं. तो बिचारा त्याच गाडीवर पचमढीला जाणार होता.

मग सरळ रेषा तपासा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून दोरी धरा. जाड टायर टाकण्यासाठी चाक एका बाजूला सरकवलेलं असेल तर लगेच दिसतं. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका ओळीत नसेल तर चेन लवकर खलास होते. मागच्या स्प्रॉकेटच्या टोकावरची कडी बोटाने ओढून बघा. दाताचा अर्धा भाग उघडा पडत असेल तर चेन-स्प्रॉकेट बदलायला आलं.

आणि मागे शॉकअपच नसलेली हार्डटेल फ्रेम असेल तर लांब पल्ल्यासाठी माझं उत्तर नाही असंच आहे. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. गादीखालच्या दोन स्प्रिंगांनी त्यात फार फरक पडत नाही.

बसून बघा, पण अर्धा तास

दुकानात आपण गाडीवर दोन मिनिटं बसतो, हँडल धरतो आणि ‘मस्त आहे’ म्हणतो. तसं नको. घरी गाडी स्टँडवर सरळ उभी करा, हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं चढवा आणि अर्धा तास बसा. मोबाइल खिशात. घरचे हसतील, हसू द्या.

या अर्ध्या तासात तीन गोष्टी करायच्या. पहिली: दोन्ही हात हँडलवरून दोन इंच उचलून दहा सेकंद तसेच धरा. अंग पुढे कोसळत असेल तर तुमचं वजन मनगटांवर आहे. कॅफे रेसरच्या खाली लावलेल्या हँडलने हेच होतं. शहरात ते रुबाबदार दिसतं, पण कोंढाळी येईपर्यंत तळहात बधिर झालेले असतात. दुसरी: पायांवर जोर देऊन बूड गादीवरून उचला. फुटरेस्ट फार पुढे असेल तर हे जमतच नाही, आणि मग रस्त्यात खड्डा दिसूनही तुम्हाला तो बसूनच झेलावा लागतो. क्रूझरसारखे पाय पसरून बसणं पहिला तासभर छान वाटतं, नंतर सगळा भार माकडहाडावर येतो. तिसरी: कुणाला तरी बाजूने, हँडलच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा. त्यात गुडघ्याचा कोन ९० अंशांपेक्षा थोडा मोकळा, कोपर किंचित वाकलेलं आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ दिसायला हवं. हात खांद्याच्या वर जात असतील, उंच हँडलवर जातात तसे, तर ताशी ८० च्या वाऱ्यात तुमची छाती शिडासारखी हवा धरते आणि सगळा ताण बोटांवर येतो.

बहुतेक वेळा दुरुस्ती महाग नसते. हँडल क्लॅम्पमध्ये १० अंश फिरवणं, हँडल उंच करणारे २५ मिलिमीटरचे रायझर टाकणं, फुटरेस्टचं ब्रॅकेट दीड-दोन इंच मागे घेणं, एवढ्याने गाडी बदलून जाते. हे करताना क्लच आणि रेसची केबल ताणली जात नाही ना, ते हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर इंजिनची रेस आपोआप चढत असेल तर केबल आखूड पडते आहे, आणि घाटातल्या वळणावर हे जिवावर बेतू शकतं.

गादीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कस्टम गाडीत सगळ्यात जास्त अन्याय गादीवर होतो. दिसायला सपाट, बारीक गादी हवी म्हणून पत्र्यावर इंचभर फोम आणि वर डायमंड शिलाईचं रेग्झिन. अंगठ्याने जोरात दाबा. खालचा पत्रा हाताला लागला तर ती गादी तासाभराची आहे. तुमच्या बुडाची दोन हाडं नेमकी कुठे टेकतात हे बघायचं असेल तर जाड पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून त्यावर पाच मिनिटं बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतात. ते दोन्ही गादीच्या सपाट भागावर आले पाहिजेत. गादीच्या उतरत्या कडेवर आले तर मांडीच्या आतल्या बाजूला रग लागणारच. बसण्याची सपाट जागा मी किमान २५ सेंटीमीटर रुंद धरतो. खाली ४० मिलिमीटर कडक रिबाँडेड फोम, वर २० ते २५ मिलिमीटर मऊ फोम, आणि शिलाई बसायच्या जागेवर नको. उन्हाळ्यात घामाने ती काचते. गादीवाल्याला हे मापांसकट कागदावर लिहून द्या. नुसतं ‘भाऊ, आरामदायक बनव’ म्हटलं तर तो मऊ फोम भरतो, आणि मऊ गादी तर कडक गादीपेक्षाही लवकर बसते.

मग शॉकअप. मागचं चाक हवेत असताना चाकाच्या ॲक्सलपासून गादीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. आता चाक टेकवा, सामान बांधा, तुम्ही बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. शॉकअपच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश गाडी खाली बसायला हवी. चाल ८० मिलिमीटर असेल तर २५ ते २८ मिलिमीटर. त्याहून फार जास्त बसत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब, वाढवा. वाढवूनही भागत नसेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला पुरत नाही. गाडी बुटकी दिसावी म्हणून आखूड शॉकअप टाकलेले असतील तर चालच उरलेली नसते, तिथे सेटिंगचा उपयोग नाही.

इंजिन, थंड असताना

विकणारा जर तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगा. थंड इंजिन बरंच बोलतं.

इग्निशन बंद ठेवून किक हळूहळू दाबा. कॉम्प्रेशनवर आल्यावर किक अडली पाहिजे आणि तुमचं वजन काही सेकंद तोललं पाहिजे. लगेच फसफसत खाली गेली तर हवा रिंगांतून किंवा व्हॉल्व्हमधून निसटते आहे. कुठून, ते प्लगच्या भोकात बसणाऱ्या कॉम्प्रेशन गेजने कळतं. रेस पूर्ण उघडी ठेवून पाच-सहा किका मारा आणि आकडा घ्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा बऱ्यापैकी वाढला तर रिंग-पिस्टनचं काम आहे, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचं.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट, हाताने बघता येतं, आणि मला हे काम फार आवडतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, उजव्या बाजूचं छोटं झाकण काढा आणि पुश रॉड दोन बोटांत धरून फिरवा. ती अलगद फिरली पाहिजे, पण वर-खाली हलायला नको. फिरतच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि लांब पल्ल्यात तो जळतो. २००९ च्या रॉयल एनफिल्ड क्लासिकपासून रुळलेल्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनमध्ये फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट आले, तिथे ही कटकट नाही. पण तिथेही टिकटिक थांबत नसेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, असा संशय घ्यायला जागा आहे.

‘बोअर-पिस्टन कधी केलं?’ हा प्रश्न सगळे विचारतात. त्याच्या पुढचे दोन प्रश्न विचारा: किती ओव्हरसाइज, आणि क्रँक उघडला होता का? नवा पिस्टन जुन्या कनेक्टिंग रॉडवर बसवलेली गाडी हजारभर किलोमीटर सुरेख चालते आणि मग खालून ठोकायला लागते. बिल असेल तर बघा.

ऑइल काढून बघणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. ड्रेन बोल्ट सोडा, ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या आणि उन्हात धरा. दोन बोटांत चोळा. राखाडी चमक, अगदी बारीक, नव्या बांधलेल्या इंजिनात थोडी असतेच. नखावर उचलता येईल असा कण मात्र वाईट. चुंबक फिरवा: चिकटला तर तो पोलादाचा, म्हणजे गिअर, बेअरिंग किंवा कॅम. पांढरा कण चिकटला नाही तर ॲल्युमिनियम, बहुधा पिस्टन. सोनेरी, पिवळसर दिसला तर बुश.

आता चालू करा. पहिल्या दोन मिनिटांत येणारा हलका खडखडाट गरम झाल्यावर गेला तर पिस्टनचा थोडा ढिलेपणा आहे, त्यावर गाडी चालते. पण गरम झाल्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर लावताना खालून जड ‘ठक ठक’ आली तर ती क्रँकची, आणि तिथे प्रवास रद्द. आवाज कुठून येतो ते शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. हात पट्ट्या-चेनपासून दूर ठेवा.

धुराचंही बघून घ्या. निळा धूर चालू करतानाच आला आणि थांबला, किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा देताना आला, तर व्हॉल्व्ह गाइडकडे बोट जातं. सतत, जोर लावताना येत असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. थंडीच्या सकाळचा पांढरा धूर वाफेचा असतो.

आपलं ऊन

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं सगळं गणित इंजिन आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालतं. समजा सिलिंडरच्या पात्या १५० अंशांवर आहेत. डिसेंबरच्या सकाळी हवा १५ अंश, म्हणजे फरक १३५. मे महिन्यात आपल्याकडे ४५, फरक १०५. उष्णता बाहेर पडायचं बळ सरळ वीस-बावीस टक्क्यांनी कमी झालं. थंडीत तपासलेली गाडी म्हणूनच अर्धीच तपासलेली.

त्यात कस्टम गाडीत हमखास होणारी चूक अशी: मोकळा सायलेन्सर लावला, एअर बॉक्स काढून उघडा पॉड फिल्टर बसवला, आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मात्र जुनाच. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, मिश्रण पातळ. पातळ मिश्रण जास्त तापतं. ताशी ८० वर दहा किलोमीटर चालवून, क्लच दाबून, इंजिन तिथेच बंद करा, थोडं निवू द्या आणि प्लग काढा. बिस्किटी रंग चांगला. पांढरा फटक, फोड आल्यासारखा असेल तर जेट वाढवायलाच हवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हेच काम ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या) सेटिंगने होतं; ‘काही करायची गरज नाही, सेन्सर सांभाळून घेतो’ असं कुणी म्हणालं तर तो एका मर्यादेपर्यंतच सांभाळतो, हे लक्षात ठेवा. चढावर जोर देताना डब्यात कंचे हलवल्यासारखा खळखळाट आला तर ते नॉकिंग. रेस सोडा, गिअर उतरवा आणि घरी येऊन कारण शोधा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि गॅस्केट त्याने फुगतात, चिरतात. इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून पत्र्याच्या टाकीत आतून गंज चढतो. टॉर्च मारून बघा. टाकी फायबरची असेल तर इथेनॉलने तिचा रेझिन मऊ पडून कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर जमू शकतो. प्रवासाच्या गाडीला अशी टाकी मी ठेवणार नाही. आणि टाकी किती मोठी आहे ते मोजा. शेंगदाण्याच्या आकाराच्या आठ लिटरच्या टाकीला ३० चं ॲव्हरेज धरलं तर २४० किलोमीटर. रिझर्व्हचा लिटर सोडला की २१०. मग १८० ला पंप शोधायचा.

वायरिंग

इंजिन चालू ठेवून वायरिंगचा गठ्ठा जागोजागी हाताने हलवा. इंजिन अडखळलं, लाइट लुकलुकला, तर दोष तिथेच. पिळून टेप गुंडाळलेले जोड उन्हात सुटतात. ते क्रिंप करून स्लीव्ह चढवून घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.५ व्होल्टच्या वर आणि लाइट लावून, इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांवर असताना १३.५ ते १४.५ च्या मध्ये दाखवायला हवी. कमी असेल तर चार्जिंग पुरत नाही, १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग, गेलं. चाळीस वॅटचे दोन जास्तीचे दिवे म्हणजे साडेसहा अँपिअरच्या वर भार. जुन्या अल्टरनेटरला तो झेपतो का, हे दिवे लावून याच मीटरवर बघा.

रस्त्यावर: तीन फेऱ्या

पहिली फेरी शहरातली, ३० किलोमीटर, संध्याकाळी. सीताबर्डी, कॉटन मार्केट, कामठी रोड, ऑटोमोटिव्ह चौक. गर्दीत गाडी तापू द्या. न्यूट्रल सापडतं का, क्लच घसरतो का, रेस आपोआप वर-खाली होते का, संथ चालीत हँडल एका बाजूला पडतं का. फोर्क पुढे पसरवलेल्या चॉपरचं हँडल असं पडतं आणि यू-टर्न घेताना हात भरून येतात.

निघण्याआधी एक काम करा. इंजिन माउंट, चिमटा, ॲक्सल, सायलेन्सर, हँडल, फुटरेस्ट अशा प्रत्येक महत्त्वाच्या नट-बोल्टवर पांढऱ्या ऑइल पेंटने एक आडवी रेघ मारा, अर्धी बोल्टवर, अर्धी फ्रेमवर. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

दुसरी फेरी रामटेक, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. मनसरपर्यंत ताशी ८० ठेवा, आणि ठेवायचा म्हणजे ठेवायचाच, वर-खाली नको. कंप कळतो तो स्थिर वेगालाच. इंजिन मिनिटाला ३,८०० फेरे घेत असेल तर तीन तासांत जवळपास सात लाख फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक बोल्ट एक धक्का खातो. जुन्या ३५० बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. ४,००० फेऱ्यांना तिचा पिस्टन सरासरी सेकंदाला १२ मीटर धावत असतो. ती गाडी ताशी १०० वर तासभर पळवणं मला पटत नाही, कितीही नवं बोअर-पिस्टन असो. फेरे कमी करायचे असतील तर पुढच्या स्प्रॉकेटला १७ ऐवजी १८ दात केले की त्याच वेगाला साडेपाच टक्के फेरे वाचतात, पिकअप थोडा जातो.

रामटेकला थांबून चहा घ्या, पंधरा मिनिटांनी गाडी चालू करा. गरम गाडी तीन किकांत चालू होत नसेल तर त्याचं कारण प्रवासाआधी शोधायचं. हाताला मुंग्या आल्या असतील तर त्या जायला किती मिनिटं लागली तेही लिहून ठेवा. पाचाच्या आत गेल्या तर मी चालवून घेतो. दहा लागल्या तर आधी इंजिन माउंट आणि हेड स्टेडीची पट्टी बघतो. सिलिंडर हेड फ्रेमला बांधणारी ही पट्टी दिसायला बरी नाही म्हणून काही कारागीर काढूनच टाकतात, आणि मग गाडी का थरथरते हे कुणाला कळत नाही. मोबाइल उघड्या होल्डरने हँडलला लावू नका. मोटारसायकलच्या कंपाने कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं आहे.

तिसरी फेरी खरी. सामान बांधून, सावनेर-सौंसरवरून छिंदवाडा आणि परत, अडीचशेच्या वर किलोमीटर. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट आहे, तिथे चढताना नॉकिंग, उतरताना ब्रेक आणि धूर तपासता येतो. पहाटे पाचला निघा. टाकी काठोकाठ भरा, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा भरा, खरं ॲव्हरेज तेव्हाच कळतं. ऑइलची पातळी निघताना आणि आल्यावर, दोन्ही वेळा सपाट जागेवर, इंजिन सारखंच निवलेलं असताना बघा. ५०० किलोमीटरला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त ऑइल खाल्लं तर माझ्या हिशोबात ती गाडी पास नाही.

मी खिशात छोटी वही ठेवतो. दर तासाला थांबून चार शब्द लिहायचे: ‘सौंसर, ७.१०, उजवं मनगट, बाकी ठीक’. थकल्यावर मेंदू सगळं एकत्र करून ‘गाडी त्रास देते’ एवढंच सांगतो. वहीत मात्र मनगट पहिल्या तासाला दुखलं की तिसऱ्या, हे वेगळं दिसतं. पहिल्या तासाला दुखलं तर हँडलची जागा चुकली. तिसऱ्याला दुखलं तर बहुधा कंप. घरी आल्यावर पांढऱ्या रेघा तपासा, स्पोकवर स्क्रू ड्रायव्हर टिचकवत जा. सैल स्पोक बद्द वाजतो.

माझे मिस्त्री जुने, हात काळेच असतात त्यांचे. अशी तिसरी फेरी करून मी गाडी घेऊन गेलो की विचारतात, ‘का भाऊ, गरम होऊन राहिली का?’ मी वही पुढे करतो. ते चष्मा लावून वाचतात आणि थेट त्या जागेला हात घालतात. ‘थोडी गडबड वाटते’ असं मोघम सांगितलं असतं तर अर्धं इंजिन उघडावं लागलं असतं.

घ्यायची की सोडायची

नेकला तडा, खालून ठोका, ऑइलमध्ये नखावर उचलता येतील असे कण, न जुळणारे नंबर: यातलं एकही असेल तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही उतरवली तरी. गादी, हँडल, जेट, वायरिंग, शॉकअप, चेन हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. खर्च लिहून काढा आणि किमतीतून कमी करायला सांगा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षं जुना, उन्हात तडकलेला टायर मी प्रवासाला ठेवत नाही.

निघताना माझ्या पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हवेचा पंप, प्लग आणि पाना, क्लच-रेसची एकेक केबल, चेनची कुलूपकडी, फ्यूज, तार आणि अर्धा लिटर ऑइल असतं. आदल्या रात्री टायरची हवा थंड असताना बघतो, पांढऱ्या रेघांवरून टॉर्च फिरवतो आणि टाकीचं झाकण काढून त्या भोकातून शिवणाची सुई आरपार घालून बघतो.